ग्रंथींचे विकार आणि दंतवैद्याची खुर्ची

दात काढून घेण्यास आलेला रुग्ण मधुमेह असल्याचे बहुधा आपणहून सांगतो. थायरॉइडचा विकार किंवा दम्यासाठी दीर्घकाळ चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या यांचा उल्लेख मात्र राहून जातो. दाताशी त्यांचा काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही. वस्तुतः तो फार निकटचा आहे. अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणारी संप्रेरके हाडांची घडण, प्रतिकारशक्ती आणि जखम भरून येण्याची गती या साऱ्यांवर परिणाम करतात.

यांत मधुमेहाचा वाटा मोठा. साखर आटोक्यात नसेल तर तोंड कोरडे पडते, हिरड्या सुजून रक्त येते आणि दातांना धरून ठेवणारे हाड झिजत जाते. न किडलेला, दिसायला धडधाकट दातही मग हलू लागतो. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हिरड्यांच्या या विकाराची गणना मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हणून केली. उलट, हिरड्यांतील जुनाट दाहामुळे साखर आटोक्यात आणणेही कठीण होते. दात काढायचा म्हणून न्याहारी टाळायची आणि इन्शुलिन मात्र नेहमीप्रमाणे घ्यायचे, हे धोक्याचे आहे. अशा रुग्णाची साखर खुर्चीतच एकाएकी उतरू शकते.

थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथी मंदावलेल्या मुलांमध्ये दात उशिरा येतात, जीभ मोठी दिसते. ग्रंथी अतिक्रियाशील असून उपचार झालेले नसतील तर प्रश्न अधिक गंभीर होतो. बधिरतेच्या इंजेक्शनात बहुधा अ‍ॅड्रिनॅलिन असते. त्याने आधीच वाढलेले हृदयाचे ठोके आणखी वाढू शकतात. जंतुसंसर्ग वा शस्त्रक्रियेच्या ताणातून जिवावर बेतणारी अवस्थाही क्वचित उद्भवते. विकार आटोक्यात असल्यास सहसा नेहमीचे दंतोपचार करता येतात.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींची गोष्ट निराळी. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की या ग्रंथी जणू निद्रिस्त होतात. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराला लागणारे जादा कॉर्टिसॉल त्या पुरवू शकत नाहीत आणि रक्तदाब कोसळण्याचा संभव असतो. म्हणूनच या गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरते. याच ग्रंथी निकामी होण्याच्या विकाराचे वर्णन थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये केले. त्यात गालांच्या आतल्या बाजूस व हिरड्यांवर काळसर डाग उमटतात. सावळ्या वर्णाच्या अनेकांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, त्यात वावगे काही नाही. मात्र डाग नव्याने आले असतील आणि सोबत थकवा व वजनात घट असेल, तर दंतवैद्य रुग्णाला संप्रेरकतज्ज्ञाकडे पाठवतात.