लांडग्याचा फोटो टाकताय? आधी लोकेशन बघा

बारामती तालुक्यातलं कन्हेरी निवडणुकीच्या काळात मारुती मंदिरामुळे बातम्यांत येतं. पण बारामती-इंदापूरच्या माळरानांची खरी श्रीमंती म्हणजे चिंकारा, लांडगा आणि खोकड. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे हे प्राणी बहुतेक वेळा कुंपण नसलेल्या माळावर आणि शेतांच्या कडेनेच दिसतात. मोबाईलवर फोटो काढणं इथे सोपं आहे, आणि तिथेच गडबड होते.

फोटोत लोकेशन कुठे असतं?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू असेल, तर प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी पोहोचते. शिवाय मागे विजेचा टॉवर किंवा देवळाचा कळस दिसत असेल, तर गावातल्या माणसाला जीपीएसची गरजच नाही! लांडग्याची पिल्लं असलेल्या गुहेचा पत्ता असा फुटला, तर बघ्यांच्या गर्दीने मादी पिल्लं हलवते. मेंढरं गमावलेला एखादा चिडलेला माणूस तिथे पोहोचला तर काय होईल, ते सांगायला नको.

ही भीती हवेतली नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशात जीपीएस कॉलर लावलेल्या एका वाघाचं लोकेशन ज्या ईमेलवर येत होतं, ते उघडण्याचा प्रयत्न झाला होता. आणि तो पुण्यातून झाल्याचं दिसलं. सुदैवाने सर्व्हरने तो अडवला.

मग नोंद करायचीच नाही का?

करायची. कुठे काय दिसलं हे कळल्याशिवाय माळरान 'पडीक जमीन' नाही, हे दाखवणार कसं? आयनॅचरलिस्ट अ‍ॅपमध्ये नोंद करताना 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. मग नकाशावर खऱ्या जागेऐवजी सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनातला कुठलाही एक ठिपका दिसतो. एवढ्या चौकोनात कन्हेरीच काय, बारामती शहरही मावतं. धोक्यातल्या अनेक प्रजातींसाठी अ‍ॅप हे आपोआप करतं, तरी एकदा तपासा.

माणसांचं काय?

हा प्रश्न आपण सहसा विसरतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२४ मधला कॉर्बेटचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत जंगलात जाणाऱ्या बायकाही टिपल्या गेल्या, आणि एका महिलेचा फोटो सोशल मीडियावर फिरला. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. आपल्या माळावर हीच वेळ धनगर मेंढपाळांवर येऊ शकते. लांडगा रोज बघतात ते, मेंढरंही त्यांचीच जातात, आणि व्हिडिओ व्हायरल होतो आपला. त्यांचा वाडा, चेहरा किंवा चराईची वाट दिसत असेल तर पोस्ट करण्याआधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर तो भाग कापून टाका.

जखमी प्राणी दिसला तर नेमकी जागा लपवू नका. ती ग्रुपवर न टाकता वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर सांगा.