लोणारचे पाणी: हिरवे आणि गुलाबी

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्याला काचेवरचा हिरवा थर शत्रूच वाटतो. तो खरवडायचा, पाणी बदलायचे, हा त्याचा नेम. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराकडे हीच दृष्टी घेऊन गेलो तर फसगत होते.

उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. म्हणून पाण्याचा सामू 10 च्या आसपास. ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख येतो तो काच आणि साबण करायला लागणाऱ्या द्रव्यांसाठी. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढेही बराच काळ लोणार म्हणजे सोडा, असेच समीकरण होते.

हिरव्या रंगाचा धनी सूक्ष्मदर्शकाखाली भेटतो: मळसूत्रासारखी वळलेली स्पायरुलिना. आपण तिला नीलहरित शैवाल म्हणतो, पण ती जीवाणूंपैकी आहे. बहुतेक जीवांना न सोसणाऱ्या या पाण्यात ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. सरोवरातील इतर सूक्ष्मजीव तिच्यावर पोसतात.

जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झाले. तर्कवितर्कांना ऊत आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघाले मीठप्रिय आर्किया. (कार्ल वूस यांनी 1977 मध्ये जीवाणूंपासून वेगळे काढलेले हे जीव पाठ्यपुस्तकात आजही अंग चोरूनच असतात!) उन्हाळ्यात पाणी आटले, क्षारता वाढली, त्यांचे फावले. त्यांच्यातील गुलाबी रंगद्रव्य त्यांना प्रखर उन्हापासून वाचवते. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. पाण्यात विरघळलेला रंग असा खाली बसत नाही. पावसाने क्षारता उतरली, गुलाबी रंगही गेला.

मग उपद्रवी कोण? आमच्या मते ना हिरवे, ना गुलाबी. लोणार गावाचे सांडपाणी सरोवरात उतरते, हा न्यायालयापुढे गेलेला जुना प्रश्न. त्यातील नायट्रेट आणि फॉस्फेटलाही बाहेरची वाट नाही, आणि गोडे पाणी वाढले की क्षारता घटून परके जीव शिरतात. नोव्हेंबर 2020 मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मत्स्यालयात पाणी बदलून भागते. इथे गोडे पाणी ओतणे हीच नासाडी, आणि सांडपाणी वरच्या वर, गावातच अडवावे लागते.