युका : नाव एकाचे, झाड दुसऱ्याचे

बंगल्याच्या फाटकापाशी किंवा सार्वजनिक बागेच्या कडेला तलवारीसारख्या ताठ, टोकदार पानांचा एक झुबका पुष्कळांनी पाहिला असेल. एरवी त्याच्या वाटेस कोणी जात नाही; पान अंगाला लागले तर सुईसारखे टोचते. पण हंगाम आला की त्याच पानांच्या गाभ्यातून एक उंच दांडा वर येतो आणि त्याला पांढऱ्या घंटांसारखी फुले झुंबराप्रमाणे लटकतात. या झाडाला बागकामाच्या जगात आणि शास्त्राच्या ग्रंथांतही 'युका' म्हणतात. हा शब्द आला कोठून, म्हणून मी त्याचा माग काढू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, हे नाव मुळी या झाडाचे नव्हेच!

ते नाव आहे एका कंदाचे, आणि ते ठेवणारे लोक होते कॅरिबियन समुद्रातील बेटांवरचे ताइनो. 1492 साली कोलंबस या बेटांवर उतरला, तेव्हा त्याला जे लोक भेटले ते हेच. मातीचे उंचवटे करून त्यांत ते 'युका' लावीत. या कंदाच्या कडू जातीत विष असते. तसाच खाल्ला तर माणूस दगावायचा. म्हणून तो सोलायचा, किसायचा, विणलेल्या लांब पिशवीत भरून त्याचा रस पिळून टाकायचा आणि उरलेल्या किसाची भाकरी मातीच्या तव्यावर भाजायची. ही भाकरी महिनोन् महिने टिके. विषातून अन्न काढण्याची ही विद्या कुणा एका पंडिताची नव्हे. कित्येक पिढ्यांनी मिळून ती सिद्ध केली असली पाहिजे. त्या लोकांच्या थोर देवाचे नावही 'युकाहू' होते. कोलंबसाच्या सांगण्यावरून त्यांच्यात राहिलेल्या रामोन पाने नावाच्या धर्मोपदेशकाने 1498 च्या सुमारास त्यांच्या देवांची माहिती लिहून ठेवली, तीत हे नाव येते. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो. त्यांनी देवालाच अन्नाचे नाव दिले.

पुढची कथा दुःखाची आहे. सोन्याच्या खाणींतील सक्तीची मजुरी, उपासमार आणि युरोपातून आलेले रोग यांनी अवघ्या पन्नास वर्षांत या लोकांची वाताहत केली. त्यांचे वंशज आपण आहोत, असे सांगणारी माणसे आज पोर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक येथे आहेत. पण ती भाषा बोलणारे घर राहिले नाही. शब्द मात्र गलबतांत बसून निघून गेले.

'युका' हा शब्द असाच इंग्लंडला पोहोचला. लंडनमध्ये जॉन जेरार्ड नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याला बागेचे वेड. एक्झिटर गावच्या एका औषधविक्याने त्याला नव्या जगातले एक रोप पाठविले. वेस्ट इंडीजमध्ये ज्याच्या मुळाची भाकरी करतात तेच हे झाड, अशी जेरार्डची समजूत झाली आणि 1597 च्या आपल्या प्रचंड ग्रंथात त्याने ते त्याच नावाने छापले. वास्तविक ते रोप होते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे, आणि त्याचा त्या कंदाशी सुतराम संबंध नव्हता. 1629 साली जॉन पार्किन्सनने ही शंका उघड बोलून दाखविली. तरीही नाव मात्र तेच चालू ठेवले. अखेर 1753 साली लिनियसने आपल्या ग्रंथात त्यावर शिक्कामोर्तब केले. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा आरंभ याच ग्रंथापासून धरतात. त्यामुळे ते नाव आता हलणे नाही. खऱ्या कंदाच्या वाट्याला शास्त्रात 'मॅनिहॉट' हे नाव आले. तेही दक्षिण अमेरिकेतील दुसऱ्या एका लोकभाषेचे.

झाडाचा यात काय दोष? त्याची योग्यता स्वतःचीच आहे. नवाहो आणि होपी लोक त्याच्या नैऋत्येकडील भाऊबंदांच्या मुळ्या कुटून, आपल्याकडच्या रिठ्यासारखा फेस काढून केस धूत आले. पानांच्या धाग्यांचे दोर, टोपल्या, पायताणे करीत आले. या फुलांवर एक लहानसा पांढरा पतंग येतो. त्याची मादी पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेऊन भरते आणि तेथेच अंडी घालते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाच्या कामी येतात. 1872 साली हा व्यवहार उजेडात आला, तेव्हा डार्विनही थक्क झाला. हा सोबती मायदेशीच राहिल्यामुळे आपल्या बागांतली युका बहुधा फुलते, पण क्वचितच फळते.

आता कुणी म्हणेल, ही तिकडची उठाठेव आपल्याला कशाला? पण ताइनोंचा आणखी एक शब्द आपण रोज बोलतो. त्यांचा 'बटाटा' म्हणजे रताळे! पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला आणि दुसऱ्याच कंदाला चिकटला. खरा बटाटा रताळे या नावाने उपासाला चालतो. नावाचा बटाटा तर दोहींकडे चालतो.

आणि खरी युका? तीही आपल्या घरात आहे. पोर्तुगीजांनी ती मलबारात आणली. त्रावणकोरच्या विशाखम् तिरुनाळ महाराजांनी (1880 ते 1885) तिच्या लागवडीस उत्तेजन दिले. पूर्वी साबुदाणा मलायाकडच्या सागू नावाच्या ताडाच्या गाभ्यापासून होई, आणि 'साबू' हे त्या सागूचेच रूप मानतात. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल थांबला आणि तमिळ मुलखात सेलमच्या आसपास या कंदाच्या सत्त्वाचे दाणे करण्याचा धंदा बहरला. नाव ताडाचे राहिले, दाणे युकाचे झाले.

दिवाळीचा फराळ आटोपतो न आटोपतो तोच कार्तिकी एकादशी येते आणि घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. ज्या कंदाला कोणे एके काळी एका समाजाने देव मानले, तो आज आपल्या देवाच्या दिवशी आपल्या ताटात असतो. परक्या नावाने का होईना. नाव बदलण्याचा अट्टाहास मी धरणार नाही. रुळलेला शब्द हुकमाने हटत नाही. पण ज्यांनी विषातून भाकरी काढली, त्यांच्यापाशी आता सांगायला भाषाही उरली नाही. त्यांच्या वतीने एवढी हकिकत आपण घरातल्या मुलांना सांगितली, तर त्या ऋणाचा एक दाणा तरी फिटेल.