मनी प्लांटचं नाव ठरेना!

तुमच्या खिडकीत, बाटलीतल्या पाण्यात वाढणारा मनी प्लांटचा वेल बघा. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. १८८० मध्ये युरोपात त्याचं नाव ठेवलं ‘पोथोस ऑरियस’. पण तेव्हा हाती फक्त पानं होती! वनस्पतीचा वंश ठरवायला फूल लागतं, आणि हा वेल फुलतो क्वचितच. १९०८ मध्ये एंग्लरनं त्याला ‘सिंडॅप्सस’ वंशात टाकलं. १९६२ मध्ये फूल अभ्यासायला मिळालं, तेव्हा वंश पुन्हा बदलला. आजचं ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे नाव मिळालं १९६४ मध्ये. म्हणजे तब्बल ८४ वर्षांनी! फुलायला लागणारं जिबरेलिन हा वेल पुरेसं बनवतच नाही, हे कळलं २०१६ मध्ये. नर्सरीवाले मात्र अजूनही ‘पोथोस’च म्हणतात!