व्हिट्बीची मठाध्यक्षा हिल्डा

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास शिकविताना आपण कॅडमन या गुराख्यापासून आरंभ करतो. परंतु त्याचे कवित्व ज्या स्त्रीने जोपासले, त्या हिल्डेच्या वाट्याला बहुधा एखादेच वाक्य येते. हा न्याय अपुरा आहे.

हिल्डा ही नॉर्थम्ब्रियाच्या राजकुलातील. तिचा जन्म इ. स. ६१४ चा. पिता परागंदा असताना विषप्रयोगाने मारला गेला. ६२७ मध्ये राजा एडविनबरोबर तिने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. संन्यास मात्र वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. प्रथम हार्टलपूल येथील मठ सांभाळून ६५७ मध्ये तिने व्हिट्बीचा मठ स्थापिला. त्याला जमीन होती अवघ्या दहा कुटुंबांच्या निर्वाहापुरती. तेथे स्त्रिया व पुरुष दोघेही व्रतस्थ राहत आणि दोघांवरही तिचीच आज्ञा चाले. खासगी मालमत्ता कोणाचीच नसे. या मठातील पाच जण पुढे बिशप झाले. राजेही तिचा सल्ला घेत.

ईस्टर सणाची तिथी ठरविण्यासाठी ६६४ मध्ये येथेच धर्मसभा भरली. हिल्डा आयरिश परंपरेच्या बाजूची. राजा ओस्विऊने कौल दिला रोमच्या बाजूने. स्वतःच्याच मठात झालेला हा पराभव तिने स्वीकारला.

कॅडमनची कथा बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात आहे. मेजवानीत वीणेसारखे वाद्य हातोहात फिरू लागले की हा गुराखी लाजून उठून जाई. एका रात्री स्वप्नात त्याला गीत स्फुरले. कारभाऱ्याने त्याला हिल्डेपुढे नेले. तिने विद्वानांना बोलावून त्याची परीक्षा घेतली, त्याला मठात घेतले व पवित्र कथा शिकविण्याची व्यवस्था केली. स्वप्नाचा चमत्कार कोणी मानो वा न मानो, ही व्यवस्था चमत्काराहून मोलाची वाटते. लॅटिन ही जेथे विद्येची भाषा, तेथे एका निरक्षर माणसाच्या लोकभाषेतील काव्याला तिने आश्रय दिला. गंमत अशी की, बीडने ते गीत लॅटिन रूपांतरातच दिले. मूळ नऊ ओळी वाचल्या त्या नकलाकारांनी त्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांत त्या नोंदविल्या म्हणून.

अखेरची सहा वर्षे हिल्डा आजारी होती, तरी उपदेश थांबला नाही. १७ नोव्हेंबर ६८० रोजी तिचे निधन झाले. तिचा मठ नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांच्या काळात नष्ट झाला. नॉर्मन विजयानंतर तेथे पुन्हा मठ उभा राहिला व तोही १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत बंद पडला. समुद्रकड्यावर आज दिसणाऱ्या उंच भग्न भिंती या दुसऱ्या मठाच्या आहेत, हिल्डेच्या नव्हेत.