भिंत दुसऱ्याची, जाहिरात आपली

१५ जानेवारी २०१९ रोजी यूट्यूबवरच्या असंख्य व्हिडिओंतली माणसं रिकाम्या हवेकडे बोट दाखवू लागली. आदल्या दिवसापर्यंत त्या बोटाच्या टोकाशी एक चौकट असायची: इथे दाबा, आमचा दुसरा व्हिडिओ बघा, चॅनेल सबस्क्राइब करा. या चौकटी यूट्यूबनेच २००८ मध्ये देऊ केल्या होत्या. दुकानदारांनी, क्लासवाल्यांनी, नाटकवाल्यांनी त्यांची जागा हेरून चित्रीकरण केलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली बोटं केली. पुढे बघणारा माणूस संगणकावरून मोबाइलवर गेला आणि मोबाइलवर त्या चौकटी चालतच नव्हत्या. मे २०१७ मध्ये नव्या चौकटी जोडायची सोय बंद झाली, पावणेदोन वर्षांनी जुन्याही पुसल्या गेल्या. व्हिडिओ मात्र जागेवरच राहिले. ज्यांनी दुकानाचं नाव आणि फोन नंबर तोंडाने सांगितला होता, त्यांचं काहीच बिघडलं नाही.

जागेच्या मालकाने मांडणी बदलायची आणि जाहिरातदाराने धावाधाव करायची, ही गोष्ट यूट्यूबने सुरू केलेली नाही. तिचा मागोवा मुंबईच्या जाहिरात कंपन्यांपासून घेता येईल. पण मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावापासून घेतला तर मुळं जास्त नीट दिसतात. भंडारा जिल्ह्याच्या या पट्ट्यात जाहिरातीच्या सगळ्या पिढ्या अजून एकत्र नांदतात. भोंगा लावलेली गाडी रस्त्याने ओरडत जाते, तिच्यामागे पानटपरीच्या फळीवर नाटकाचं पोस्टर असतं आणि पोस्टर वाचणाऱ्याच्या हातातल्या फोनवर त्याच नाटकाची क्लिप चालू असते.

या घराण्यातली सगळ्यात जुनी पिढी दवंडीची. कोतवाल ढोलकं वाजवत फिरे आणि चारच गोष्टी सांगे: काय आहे, कधी आहे, कुठे आहे, कोणाचं आहे. त्यात विशेषणाला जागा नव्हती, कारण पुढच्या चौकात तेच पुन्हा ओरडायचं असे. भाऊबीजेपासून भंडारा-गोंदियात मंडईचे दिवस सुरू होतात. एकेका गावाची मंडई एकेका दिवशी. दिवसा शिंगाडे, ऊस, मिठाई, बांगड्या. रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक. मंडईत माल विकणारा आपली जाहिरात आपल्याच गळ्याने करतो. शेजारचा मोठ्याने ओरडला की हाही आवाज चढवतो, आणि जागा बदलली की लगेच कळतं की गिऱ्हाईक आता कोणत्या बाजूने येणार. तिथे गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्यामुळे चूक सुधारायला वर्ष लागत नाही.

मंडईनंतर नाटकांचा हंगाम पेटतो. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आणि या रंगभूमीची पेठ म्हणजे वडसा-देसाईगंज. तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीने आहेत. गावोगावची मंडळं तिथे जाऊन तारीख ठरवतात आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, किंवा मंडईच्या रात्री प्रयोग लावतात. झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला हा धंदा केवढा आहे याचा थोडा अंदाज आला. सरकारी अनुदानाची वाट न बघता तिकिटावर चालणारी ही रंगभूमी आहे, म्हणून तिला जाहिरात नीट करावीच लागते. पोस्टरवर नाटकाचं नाव मोठं, खाली कलाकारांचे फोटो, गाव आणि तारीख. भोंग्याच्या गाडीवर तेच, मध्ये एखादा संवाद आणि गाण्याचा तुकडा. थोडक्यात, दवंडीच्या चार गोष्टी आणि वर फोडणीला थोडी लज्जत.

चालत्या चित्राच्या जाहिरातीची शाखा मात्र दादासाहेब फाळक्यांपासून फुटते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. नंतर सुरतेत खेळ लावला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ल्यात तीनच रुपये पडले, असं सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत पाच-सहा तासांचं नाटक बघायची सवय, आणि फाळके दीड तासाचे तीन आणे मागत होते. फाळक्यांनी तिकीट उतरवलं नाही, चित्रपटही लांबवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आणे. माल तोच ठेवून तो गिऱ्हाइकाच्या मापात सांगायचा, हा धडा मराठी माणसाने चालत्या चित्राच्या पहिल्याच वर्षा-दोन वर्षांत घेतला होता. आज व्हिडिओ मार्केटिंगच्या शिबिरांत हेच पैसे घेऊन शिकवतात.

तालुक्याच्या टॉकीजमध्ये मध्यंतराला दिसणारी काचेची स्लाइड ही पुढची पिढी. हाताने रंगवलेल्या चौकोनी काचेवर कापड दुकानाचं नाव, चौकाचं नाव आणि फार तर एक साडीवाली. ती स्लाइड टॉकीजच्या यंत्रापुरतीच होती. टॉकीज बंद पडली की काच रद्दीत. रेडिओने वेगळंच केलं. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. म्हणजे वैनगंगेकाठच्या ट्रान्झिस्टरला जाहिरातीची धून देशाच्या बऱ्याच भागाआधी ऐकू आली. धुनेला भिंत लागत नव्हती. ती ऐकणाऱ्याच्या तोंडात बसली की केंद्र बदला, वेळ बदला, ती तिथेच.

विकोचं उदाहरण इथे घेतलंच पाहिजे. केशव विष्णू पेंढरकर मूळ नागपूरकडचे किराणा दुकानदार. मुंबईला जाऊन त्यांनी १९५२ मध्ये विको लॅबोरेटरीज काढली. थिएटरमधल्या जाहिरातीवर या कंपनीने भिस्त ठेवली. दूरदर्शनवर जाहिरातींना १९७६ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८४ च्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेच्या प्रायोजकांत विको होती. व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला तेव्हा भाड्याच्या कॅसेटच्या सुरुवातीलाही विको दिसे. थिएटर, टीव्ही, कॅसेट अशा तीन जागा बदलल्या, प्रत्येक ठिकाणी मालक वेगळा. विकोने धून मात्र बदलली नाही. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही ती गुणगुणायला सांगा.

केबलच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पडद्याच्या तळाला सरकणारी पट्टी, तिच्यात ज्वेलर्स, दवाखाना आणि श्रद्धांजली एकामागोमाग. ग्रामीण भागात जुनं केबल बंद करून सेट-टॉप बॉक्स आणण्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली, आणि त्या पट्टीचा बराचसा धंदा ओसरला. त्याच सुमारास, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. स्वस्त डेटावर गावातला फोन यूट्यूबचा पडदा झाला.

यूट्यूब तोवर अकरा वर्षांचं झालं होतं आणि अनेकदा कात टाकून बसलं होतं. भारतातलं त्याचं पान मे २००८ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चौकट रुंद झाली; जुन्या टीव्हीच्या मापात घेतलेल्या लग्नांच्या आणि नाटकांच्या चित्रीकरणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. ३१ मार्च २०१० ला पाच ताऱ्यांची पद्धत गेली आणि अंगठा आला. तारे मोजून 'आम्हाला पाचपैकी पाच' म्हणणाऱ्यांची फुशारकी एका रात्रीत संपली. डिसेंबर २०११ मध्ये पानाचा कल एकेका व्हिडिओकडून चॅनेलकडे वळला. २०१२ मध्ये त्याहून मोठा बदल झाला, आणि तो डोळ्यांना दिसला नाही: किती जणांनी दाबलं यापेक्षा किती मिनिटं बघितलं याला यूट्यूब वजन देऊ लागलं. वीस सेकंदांची टीव्हीछाप जाहिरात तिथे टाकून बसलेल्यांना आपला व्हिडिओ पुढे का सरकत नाही हे बराच काळ उमगलं नाही.

या बदलाचा फायदा खरं तर करडी-मोहाडीच्या पट्ट्याने उचलायला हवा होता. मोहाडी आणि आंधळगावचं कोसा रेशीम, करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे कोसे, हे सगळं दहा मिनिटं बघत राहावं असं काम आहे. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत कसं अडकवतात, हे दाखवायला वीस सेकंद पुरत नाहीत आणि दाखवल्याशिवाय त्या साडीची किंमत गिऱ्हाइकाला पटत नाही. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण मानांकनाचा कागद बघून कोणी साडी घेत नाही, माग चालताना बघून घेतो.

जून २०१३ मध्ये सगळ्या चॅनेलांना एकच नवी मांडणी सक्तीने लागली. वर रुंद बॅनर, आणि अजून सबस्क्राइब न केलेल्या पाहुण्यासाठी ओळखीचा व्हिडिओ. बॅनरचं माप २५६० बाय १४४० पिक्सेल. पण सगळ्या पडद्यांवर हमखास दिसणारा भाग मधला १५४६ बाय ४२३ एवढाच. फ्लेक्सच्या सवयीने ज्यांनी फोन नंबर उजव्या कोपऱ्यात टाकला, त्यांचा नंबर मोबाइलवर कापला गेला. आजही जिल्ह्यातले चॅनेल उघडून बघा, अर्धं 'प्रोप्रा.' आणि निम्मा मालक अशी बॅनरं सापडतील. चौकटींची जागा घेणारी कार्डं २०१५ ची आणि व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येणारी पाटी २०१६ ची. ही पाटी मोबाइलवर चालते, पण तिच्यासाठी शेवटी जागा मोकळी ठेवावी लागते. आभाराच्या भाषणात व्हिडिओ संपवणाऱ्यांच्या तोंडावरच ती येऊन बसते.

मग उभा पडदा आला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, १४ सप्टेंबरला यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात पहिल्यांदा भारतात सुरू केली. रुंद चौकटीसाठी बारा वर्षं शिकलेलं सगळं पुन्हा नव्याने शिकायची वेळ आली. हा उभा आकार सगळ्या धंद्यांना सारखाच पावला, असं मात्र नाही. टांगलेली साडी उभ्या चौकटीत शोभते. तिचा काठ वरपासून खालपर्यंत दिसतो. झाडीपट्टीचा रंगमंच आडवा असतो. उभ्या चौकटीत राजा येतो तेव्हा प्रधान बाहेर जातो, आणि पेटीवाला तर कधीच दिसत नाही. शंकरपटाची जोडीही धावते आडवीच. नाट्यमंडळांनी उभ्या चौकटीसाठी अख्खा प्रसंग कापू नये, एका नटाचा एक संवाद जवळून घ्यावा, असं मला वाटतं. अख्खं नाटक यूट्यूबवर टाकावं की नाही यावर दोन मतं आहेत. माझं मत टाकू नये असं. हंगाम संपल्यावर टाकलं तर चालेल, हंगामात टाकलं तर आपल्याच तंबूला पाडलेलं भोक आहे.

शॉर्ट्सचेही नियम दोनदा फिरले. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि प्रतिक्रियांतली लिंक दाबून उघडेनाशी झाली. ज्यांनी पत्ता, नकाशा, व्हॉट्सअॅप सगळं लिंकवर सोपवलं होतं, त्यांचं गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन परत गेलं. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरला जाऊ लागला. म्हणजे अडीच मिनिटांची, फोन उभा धरून घेतलेली जाहिरात आता मालकाच्या मनात असो वा नसो, शॉर्ट झाली. तिथे उजव्या कडेला बटणांची रांग आणि तळाला नाव येतं. नंबर तिथे लिहिला तर तो झाकला जातो.

इतक्या बदलांत गेलं काय आणि टिकलं काय, हे दोन्ही रकाने मांडून बघितले तर हिशेब लपत नाही. तारे गेले, चौकटी गेल्या, उत्तरादाखल जोडलेले व्हिडिओ गेले, लिंका मेल्या, नापसंतीचा आकडा नोव्हेंबर २०२१ मध्ये लपला. हे सगळं यूट्यूबचं सामान होतं, भिंतीवरचं. बोललेलं नाव, ऐकवलेली धून, मागावर चाललेले हात टिकले, कारण ते व्हिडिओच्या आत होते. कोतवालाच्या चार गोष्टी आजही पहिल्या दहा सेकंदांत तोंडाने सांगता येतात, आणि त्या पुसायला कोणत्याही कंपनीकडे बटण नाही. शोधणाऱ्यासाठीही ते बरं. नुसतं 'करडी' म्हटलं तर करडईच्या तेलवाल्यांशी स्पर्धा होते; 'करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा' म्हटलं तर होत नाही.

तेव्हा या भागातल्या विणकरांना, गिरणीवाल्यांना आणि नाट्यमंडळांना एवढीच विनंती. मांडणी बदलली की बॅनर बदला, शेवटची पाटी लावा, उभं-आडवं दोन्ही घ्या. त्याला फार तर एक दुपार जाते. पण मूळ चित्रीकरण चॅनेलवर चढवून फोनमधून पुसून टाकू नका. त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर घरी ठेवा आणि दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. पुढचा आकार कोणता येईल हे ठरवणारं ऑफिस कॅलिफोर्नियात आहे, आणि तिथून करडीला आगाऊ दवंडी येत नाही.