गढूळ पाण्यावरून पर्वताचे अनुमान

मंडळी, अनुमान म्हटले की आपल्याकडे प्रत्येकाला धूर आणि अग्नीच आठवतो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे उदाहरण आम्ही इतकी वर्षे फळ्यावर लिहिले की खरं सांगायचं तर त्याचा आता कंटाळा येतो. शिवाय त्यात एक सोय आहे. ज्याला शंका असेल त्याने डोंगर चढून जावे, जाळ आहे की नाही ते डोळ्यांनी बघावे आणि परत यावे.

न्यायदर्शनातच याहून अवघड उदाहरण आहे, ते मात्र मागे पडले. नदी फुगलेली दिसते, पाणी गढूळ असते, त्यावरून आपण म्हणतो की वर कुठेतरी पाऊस पडून गेला. गौतमाने अनुमानाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतल्या 'शेषवत्' अनुमानासाठी भाष्यकार वात्स्यायनाने हे उदाहरण दिले. कार्यावरून कारणाकडे जायचे. इथे पडताळा घ्यायला कुठे जाणार? पाऊस पडून गेला. उरले ते पाणी आणि त्यातला गाळ.

आम्ही भूवैज्ञानिक नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण हिमालय केव्हा उभा राहिला आणि कसा झिजत गेला, हे माणसाने गाळावरून कसे ठरवले हा इतिहास वाचताना आम्हांला सारखे जाणवत राहिले की ही तर शेषवत् अनुमानाचीच कथा आहे. फक्त पावसाच्या जागी पर्वत आहे आणि नदीच्या जागी समुद्राचा तळ.

युरोपात या विचाराची सुरुवात साधारण १६६९ साली झाली असे मानतात. निकोलस स्टेनो हा डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ तेव्हा फ्लॉरेन्सच्या दरबारात होता. त्याने एका छोट्या लॅटिन पुस्तकात मांडले की गाळाचे थर मुळात आडवे बसतात, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. थर तिरके दिसले तर ते नंतर कलले. आज हे शाळेतल्या मुलालाही पटते. पण यामुळे प्रथमच दगडाला आधी-नंतर आले, म्हणजे इतिहास आला. आमच्या क्षेत्रातला लाइबनिट्स यात कसा आला, ती मोठी गंमत आहे. हॅनोव्हरच्या राजघराण्याचा इतिहास लिहायचे काम त्याच्याकडे होते. गृहस्थाने प्रस्तावना म्हणून थेट पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली! ती प्रस्तावना, 'प्रोटोगेआ', त्याच्या मृत्यूनंतर १७४९ मध्ये छापली गेली. राजघराण्याचा इतिहास अर्थातच अपुरा राहिला.

खरा टप्पा आला १७८८ मध्ये. जेम्स हटन दोघा मित्रांना घेऊन स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर होडीतून सिकार पॉइंट इथे गेला. तिथे खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत, आणि त्यांच्या कापलेल्या डोक्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर बरेचसे आडवे पसरलेले आहेत. आता जुळवून बघा. खालचा गाळ समुद्रात आडवा बसला, दगड झाला, दाबला जाऊन उभा झाला, उचलला गेला. म्हणजे तिथे डोंगर झाला. तो डोंगर पार झिजला. मग त्या सपाटीवर नवा गाळ बसला. दोन थरांच्या मधल्या त्या एका रेषेत एक आख्खा पर्वत आणि काही कोटी वर्षे दडलेली आहेत. तिथे पर्वत कोणालाच दिसत नाही, दिसते ती त्याची अनुपस्थिती. आपल्या नैयायिकांना हे फार आवडले असते. अभाव हा त्यांचा जुना आवडीचा विषय.

हटनचा पर्वत संपलेला होता. हिमालय चालू आहे, त्यामुळे तिथला पुरावा अधिक भरघोस. कालका ते शिमला या वाटेच्या आसपास सुबाथू, दगशाई, कसौली अशा इंग्रजांच्या लष्करी छावण्या होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनी खडकांनाही त्याच छावण्यांची नावे देऊन टाकली. हेन्री मेडलिकॉटने गंगा आणि रावी यांच्यामधल्या या टेकड्यांचे वर्णन १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. सुबाथूच्या खडकात नाण्यासारखी चपटी कवचे सापडतात, न्यूम्युलाइट नावाच्या समुद्री जीवांची. म्हणजे तिथे समुद्र होता. त्यावरचे दगशाईचे तांबडे-जांभळे थर आणि कसौलीचे करडे वालुकाश्म नद्यांनी आणलेले आहेत, कसौलीत तर झाडांचे अवशेष मिळतात. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र हटला आणि त्याच्या जागी नद्या आल्या. आणि नदी गाळ आणते म्हटल्यावर वर झिजणारे काहीतरी हवे.

त्यानंतरचा ग्रंथ म्हणजे शिवालिक. सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांवर काम करणारा लष्करी अधिकारी प्रॉबी कॉटली, या दोघांनी १८३० च्या दशकात या टेकड्यांतून हत्ती, पाणघोडे, कासवे यांची हाडे ढिगांनी काढली. जिराफाच्या कुळातल्या एका अवाढव्य प्राण्याला त्यांनी शिवाच्या नावाने 'शिवाथेरियम' म्हटले. पुढे याच कॉटलीने गंगेचा मोठा कालवा बांधला. पण आमच्या विषयाला हाडांपेक्षा हाडांभोवतीची माती महत्त्वाची. शिवालिकचे सर्वांत जुने थर सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांचे. खाली बारीक चिखलाचे आणि वाळूचे थर, मध्ये वाळू जास्त, आणि वर गोटे, चांगले डोक्याएवढे. नदी वेगात नसेल तर गोटे वाहून नेणार नाही. म्हणजे डोंगर जवळ येत गेला, उतार वाढत गेला, असा सरळ अर्थ लावला गेला. हा सरळपणा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आता मुख्य गोष्ट. पर्वत वरून खाली झिजतो, आणि खोऱ्यात गाळ खालून वर साचतो. घरात पुस्तकांची चळत आहे; वरचे एकेक पुस्तक उचलून शेजारी नवी चळत लावत गेलात, तर पहिल्या चळतीतले सर्वांत वरचे पुस्तक दुसरीच्या तळाशी जाईल. पर्वताच्या वरच्या भागात साधे खडक असतात. जसजसे खोल जावे तसतसे जास्त उष्णता आणि दाब सोसलेले खडक येतात, आणि त्यांत प्रत्येक खोलीचे म्हणून काही खास खनिज असते. आधी तामडा, म्हणजे गार्नेट. मग स्टॉरोलाइट, मग कायनाइट, मग सिलिमनाइट. हिमालयाच्या पायथ्याच्या वाळूत ही खनिजे थरामागून थर नव्याने दाखल होताना दिसतात. पॉल क्रिनिन याने १९३७ मध्येच शिवालिकच्या वाळूचा कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती कुठल्या खडकाची हे सांगायचा प्रयत्न केला होता. वाळूत एखादे खोलवरचे खनिज पहिल्यांदा दिसले, की समजायचे, त्यावेळी पर्वत तेवढा उघडा पडला होता. पर्वताचा तो भाग आज जगात कुठेही नाही, पण तो उलटा होऊन पायथ्याशी रचलेला आहे.

याहून नाजूक साक्षीदार म्हणजे झिरकॉनचा कण. झिरकॉनमध्ये थोडे युरेनियम असते. त्याचे अणू फुटतात तेव्हा स्फटिकात बारीक चरे उमटतात. कण खोल, गरम खडकात असतो तोवर चरे बुजतात. साधारण दोनशे-अडीचशे अंशांच्या खाली थंड झाला की चरे टिकू लागतात. म्हणजे चरे मोजून, हा कण वर येता येता कधी थंड झाला ते कळते. आणि तो ज्या थरात सापडला त्याचे वय वेगळ्या मार्गाने कळते. या दोन वयांतले अंतर म्हणजे कणाला कित्येक किलोमीटर खोलीतून पृष्ठभागावर येऊन, झिजून, वाहून, स्थिर व्हायला लागलेला वेळ. उत्तर पाकिस्तानातल्या शिवालिकवर हे काम करून काही अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये निष्कर्ष छापला. प्रत्येक काळातल्या थरात काही कण असे होते की त्यांचे हे अंतर फक्त १० ते ५० लाख वर्षे भरले. भूविज्ञानात हे काहीच नाही. याचा अर्थ आज नंगा पर्वत ज्या वेगाने उठतो आणि झिजतो, तसे काहीतरी त्या प्रदेशात १ कोटी ८० लाख वर्षे सतत कुठे ना कुठे चालू होते.

पायथ्याशी राहिला तो गाळ थोडाच. बाकीचा समुद्रात गेला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ वाहतात. बंगालच्या उपसागराच्या तळावर त्याचा सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा पंखा पसरला आहे, पार विषुववृत्ताच्या दक्षिणेपर्यंत. उत्तरेकडे त्या भागात गाळाची जाडी सोळा किलोमीटरच्या घरात जाते. एव्हरेस्टच्या उंचीची दुप्पट जवळपास धरा.

तेव्हा सोपे वाटते. जास्त गाळ म्हणजे जास्त झीज, जास्त झीज म्हणजे उंच पर्वत. गेल्या काही दशलक्ष वर्षांत जगभर गाळ वाढलेला, भरड झालेला दिसतो. म्हणून जगभरचे पर्वत नुकतेच उंचावले, असे पुष्कळांनी लिहिले.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप घेतला आहे, आणि तो वाचताना आम्ही थक्क होतो. नदी फुगली ती पावसानेच कशावरून? कुठे बांध पडला असेल, प्रवाह अडला असेल. म्हणून तुमचे अनुमान प्रमाण नाही.

१९९० मध्ये पीटर मॉल्नार आणि फिलिप इंग्लंड यांनी नेमके हेच विचारले. गाळ वाढला तो पर्वत उठल्याने की हवामान बिघडल्याने? हिमयुगे आली, थंडी-उष्णतेचे हेलकावे वाढले, हिमनद्यांनी दऱ्या खरवडल्या, त्यामुळेही गाळ वाढेल आणि गोटे येतील. वर आणखी एक पेच: दऱ्यांतले वजन गेले की खालचे कवच हलके होऊन वर येते आणि उरलेली शिखरे पूर्वीपेक्षा उंच होतात. म्हणजे उंचीमुळे झीज, की झिजेमुळे उंची?

त्याआधी १९८१ मध्ये पीटर सॅडलर याने तर मोजणीलाच हात घातला होता. एसटीचा वेग तुम्ही दहा मिनिटे मोजलात तर पन्नास भरेल. पुणे ते कोल्हापूर धरलात तर चहाचे थांबे मिळवून तो उतरेल, आणि डेपोतला रात्रीचा मुक्कामही धरलात तर आणखी उतरेल. गाळाचेही तसेच. साचणे अधूनमधून थांबते, साचलेले वाहूनही जाते. जेवढा लांब काळ मोजाल तेवढे खंड त्यात येतील आणि सरासरी कमी दिसेल. अलीकडचा काळ आपण बारकाईने, लहान तुकड्यांत मोजतो, म्हणून अलीकडे गाळ वाढल्यासारखा दिसणारच. पर्वताने काही न करता!

मॉल्नारने सहकाऱ्यांसह २००१ मध्ये पुन्हा बाजू मांडली की २० ते ४० लाख वर्षांपूर्वीची वाढ खरी आहे आणि तिचे कारण हवामान आहे. २०१० मध्ये बेरिलियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांवरून उलट उत्तर आले. त्यांतले एक विश्वकिरणांमुळे हवेत तयार होऊन पावसाबरोबर पडते, दुसरे खडकांच्या झिजेतून समुद्रात येते. जगभर झीज वाढली असती तर त्यांचे प्रमाण बदलायला हवे होते, ते सुमारे सव्वा कोटी वर्षे जवळजवळ स्थिर आहे. वाद मिटलेला नाही.

समुद्रातही हाच घोळ. बंगालच्या पंख्यावर गाळ नेणारे पाण्याखालचे प्रवाह सारखी जागा बदलतात. एकाच जागी भोक पाडले आणि तिथे गाळ कमी मिळाला, तर हिमालय शांत होता की प्रवाह दुसरीकडे गेला होता? म्हणून २०१५ मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजाने आठ अंश उत्तर अक्षांशावर एका ओळीत सात ठिकाणी छिद्रे घेतली. लगोलग तेच जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर लक्ष्मी खोऱ्यात गेले, सिंधूने आणलेला गाळ तपासायला. तिथे मध्येच कित्येकशे फूट जाडीचा भलताच ऐवज लागला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या बाजूची समुद्रातली उतरण कोसळून तो तिथे येऊन पडला होता. नुसती जाडी मोजणाऱ्याने तो हिमालयाच्या खात्यावर मांडला असता.

मग वात्स्यायनाने आक्षेपाला काय उत्तर दिले? नुसते पाणी वाढले म्हणून आम्ही पाऊस म्हणत नाही, असे तो म्हणतो. पाणी आधीपेक्षा वेगळे दिसते, ओघ जोराचा आहे, फेस आहे, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येताहेत. या विशेषांसह फुगलेली नदी हा हेतू आहे. बांधाने फुगलेल्या पाण्यात हे नसते. आमच्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. किती गाळ, या प्रश्नावर उभारलेली अनुमाने गेल्या चाळीस वर्षांत एकामागून एक डगमगली. कसला गाळ, यावर उभारलेली बरीच टिकली. कायनाइटचा कण हवामानाने तयार होत नाही. झिरकॉनमधल्या चऱ्यांना मोजणाऱ्याचा कालखंड लहान की मोठा याने फरक पडत नाही. लक्ष्मी खोऱ्यातली दरडसुद्धा ओळखली गेली ती तिच्या ऐवजावरून.

आक्षेपातला बांध आज शब्दशः उभा आहे. सिंधूवर तरबेला धरण १९७६ मध्ये पुरे झाले. काराकोरम आणि नंगा पर्वताकडून येणारा गाळ तिथल्या जलाशयात बसतो आणि त्याचा त्रिभुज प्रदेश आतल्या आत धरणाच्या भिंतीकडे सरकत चालला आहे. खाली सिंधमध्ये समुद्रकाठचा खरा त्रिभुज प्रदेश गाळाअभावी खचतो आहे. काही कोटी वर्षांनी अरबी समुद्राचा तळ कोणी उकरला, तर त्याला विसाव्या शतकाशी गाळ एकदम पातळ झालेला दिसेल. जाडीवर गेला तर तो म्हणेल, इथे पर्वत थकला. पण त्या पातळ थरातही झिरकॉनचे कण असतील, आणि त्यांच्यातले चरे तितकेच ताजे असतील.